बेडूकतोंड्याचा फोटो

वासूदादाचा मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले." मी "बरं" म्हटलं... आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की अशा बातमीला कोणी बरं म्हणत नाही. त्याला आता महिना होऊन गेला. आमोणे गावातल्या त्याच्या घरी त्या दिवशी खूप माणसं जमली होती. जो तो म्हणत होता, पक्ष्यांना असा जीव लावणारा माणूस पुन्हा व्हायचा नाही. मी मान हलवत होते.

तो माझा मामेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डिचोलीच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो यांतून उरलेला सगळा वेळ तो पक्ष्यांमागे घालवायचा, तोही लांबच्या अभयारण्यात नाही. शेताच्या बांधावर, मांडवीकाठच्या खाऱ्या खाजणात, कुणाच्या परसात. गोवा तेव्हा नुकतं राज्य झालं होतं आणि मराठी की कोकणी यावरून घराघरात भाऊ भावाशी भांडत होता. वासूदादा मात्र म्हाताऱ्याकोताऱ्यांना पक्ष्यांची नावं विचारायचा आणि दोन्ही भाषांतली लिहून घ्यायचा. लग्न होऊन मी लाटंबार्शाला आले, तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवू लागले, तेव्हा त्यानं आपली जुनी दुर्बीण मला दिली. "उडताना नको बघू गो," म्हणाला, "बसता खंय तें बघ." मला बघायला त्यानंच शिकवलं. हे आधी लिहायलाच हवं.

एका काजूच्या हंगामात मी आमच्या बागेत बोंडू वेचत होते. कडेच्या जांभळीवर, माझ्या डोक्याच्या थोडं वर, वाळक्या पानांचा झुपका दिसला. जवळ गेले आणि त्या झुपक्यानं डोळा उघडला... पिवळा, गोल. मूठभर शेवाळाच्या घरट्यावर तो पक्षी चोच वर करून, मोडक्या फांदीसारखा बसला होता. दादाला निरोप पाठवला, तो दुसऱ्याच दिवशी आला. बघितलं आणि तिथंच मातीत बसला. "बेडूकतोंड्या," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं रानं हिंडलो, मालू, आणि हा तुझ्या परसात." नर दिवसभर अंडं उबवतो, हेही त्यानंच सांगितलं. मी त्याच्याकडे एकच मागितलं, जागा कोणाला सांगायची नाही.

"सांगचो ना गो, कोणालाच नाही. तुझी शपथ."

नऊ दिवस मी शाळेत जायच्या आधी लांबून बघून यायचे. पुढच्या फांद्यांच्या पानांतून त्याचा अर्धाच चेहरा दिसायचा. दहाव्या दिवशी, मी शाळेत असताना, दादा कॅमेरा घेऊन येऊन गेला. दुसऱ्या सकाळी घरटं रिकामं होतं. खाली अंड्याच्या कवचाचे पांढरे तुकडे. मी तशीच बस पकडून स्टुडिओत गेले आणि त्याच्यासमोर रडले. "कावळ्यान नेलं असतलं," तो म्हणाला. "रानात असंच चालतं." त्यानं चहा मागवला, मी कप खाली ठेवीपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

पावसाळा संपल्यावर पणजीत फोटोंचं प्रदर्शन भरलं. दादाचा फोटो पहिला आला होता. मी नवऱ्याला, सासूबाईंना, सगळ्यांना घेऊन गेले. मोठ्या चौकटीत बेडूकतोंड्या, अंगावर लख्ख ऊन, पीस न् पीस मोजून घ्यावं असं. खाली आमच्या गावाचं नाव छापलेलं. पण ते मी नंतर वाचलं. मी पानं शोधत होते. नऊ दिवस ज्या पानांतून मी त्याला बघत होते, ती फोटोत कुठंच नव्हती.

घरी आल्यावर साडी न बदलता बागेत गेले. जांभळीच्या दोन फांद्या बुंध्याजवळ तिरक्या कापलेल्या होत्या, काप काळे पडले होते. त्या सकाळी रिकाम्या घरट्याकडे बघताना मी बाजूला बघितलंच नव्हतं, आणि नंतर तिकडे फिरकले नव्हते.

स्टुडिओत जाऊन विचारलं, तेव्हा त्यानं नाकारलं नाही. "पानांतून फोटो कसो येतलो, मालू?"

"आणि उघड्या पडलेल्या घरट्यावर आलेला कावळा?"

त्यानं समोरचे पासपोर्टचे फोटो गोळा करून पाकिटात घातले. मग म्हणाला, "एकदाच केलंय. परत कधी करायचो ना."

ते वाक्य मी धरून ठेवलं. फोटो बघून जीपमधून आलेली माणसं दोन वर्षं आमच्या दारात वाट विचारत राहिली, तेव्हाही धरून ठेवलं. लग्नकार्यांत आम्ही हसलो, बोललो. त्याच्या शेवटच्या दुखण्यात मी पेज घेऊन गेले. रानात मात्र त्याच्याबरोबर पुन्हा गेले नाही. बेडूकतोंड्याही आमच्या बागेत पुन्हा आला नाही.

बारावं झाल्यावर शैलावहिनी मला त्याच्या खोलीत घेऊन गेली. "कॅमेऱ्याची बॅग तू ने," म्हणाली, "हे सगळं तुलाच कळतं." पलंगावर आम्ही ती रिकामी केली. लेन्स, मऊ ब्रश, फिल्मच्या डब्या... आणि तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक लहान कोयती. मूठ नव्यानं बसवलेली. पातं धार लावून लावून झिजलेलं, जेमतेम बोटाएवढं रुंद उरलेलं. दोन फांद्यांनी पातं एवढं झिजत नाही. मी ती हातात धरून बसले, आणि भिंतीवरचे त्याचे फोटो एकेक करून बघत गेले. सगळ्यांत किती स्वच्छ उजेड होता.

"हें कित्याक लागायचं त्यांना?" वहिनीनं विचारलं.

"रानात वाट करायला," मी म्हटलं.

तिनं कोयती माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली, फडक्यात नीट गुंडाळली आणि पुन्हा बॅगेत ठेवली.