आडवी लाट

सासरे गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाई नागपूरहून आमच्याकडे भोपाळला राहायला आल्या. कोलार रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या पाहुण्यासारख्या वावरायच्या. चहा झाला की स्वतःचा कप विसळून ठेवायच्या, टीव्ही दुसऱ्या कुणी लावला तरच बघायच्या, काही हवं का विचारलं की नको म्हणायच्या. मीही जपूनच बोलायचे. आमचं कधी वाजलं नाही, पण मोकळेपणानं गप्पाही कधी झाल्या नव्हत्या.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि तिथल्या प्रयोगशाळेत पाण्याच्या लाटांवर काम करते. तिथे काचेच्या भिंतींचा लांबलचक, अरुंद कालवा आहे. त्याच्या एका टोकाला मोटरवर मागेपुढे हलणारी पाटी बसवली आहे. पाटी हलली की लाटा निघतात आणि दुसऱ्या टोकाकडे सरळ चालत जातात. पण पाटीचा ताल अगदी नेमका जुळला, तर तेच पाणी बिथरतं आणि या काचेकडून त्या काचेकडे आडवं डोलायला लागतं. ताल जरासा चुकला की डोलणं विरून जातं. ती आडवी लाट मला कित्येक आठवडे हुलकावणी देत होती.

त्या रविवारी घरात रंगकाम चालू होतं आणि वासानं सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. नवरा दौऱ्यावर होता. मी त्यांना माझ्याबरोबर कॉलेजात घेऊन गेले.

काचेला लागून खुर्ची ठेवून त्यांना बसवलं. प्रयोगशाळेत आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. उंचावरच्या खिडक्यांतून ऊन पाण्यात उतरत होतं आणि त्याची जाळी छतावर, भिंतींवर, त्यांच्या फिकट साडीवर हलत होती. मोटरची संथ घरघर चालू होती. मी तिचा वेग थोडा थोडा वाढवत राहिले. खोलीच पाण्याखाली गेल्यासारखं वाटायला लागलं, आणि त्या तिथे आहेत हेही मी हळूहळू विसरले.

"अगं, पाणी कलतंय," त्या म्हणाल्या. "या काचेकडून त्या काचेकडे."

वरून पाहताना मला काही दिसलं नव्हतं. त्यांचे डोळे पाण्याच्या रेषेत होते. मी वाकून पाहिलं. खरंच, पाणी आडवं डोलत होतं, आधी जेमतेम, मग दर हेलकाव्याला थोडं जास्त. वेग तसाच ठेवून मी बघत राहिले. लाट काचेवर चढत गेली, काठ ओलांडून बाहेर आली आणि सासूबाईंच्या मांडीवर सांडली. मी घाईघाईनं मोटर बंद केली.

"बंद कशाला केलंस?" त्या म्हणाल्या.

पाटी थांबली होती, पण पाणी डोलतच होतं. त्यांनी काचेला तळहात लावला आणि ते पुरतं शांत होईपर्यंत काढला नाही. ओल्या साडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग हळूहळू सांगायला लागल्या. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं. गावाला मोठा तलाव होता, आणि भावानं त्यांना पोहायला शिकवलं होतं. दुपारी तलावाच्या मध्यावर जाऊन त्या उताण्या पडून राहायच्या. कान पाण्याखाली गेले की गाव ऐकू यायचं नाही. लग्न होऊन नागपूरला आल्या, त्यानंतर पाण्यात उतरल्या नव्हत्या.

सासरी कुणी मनाई केली होती का, असं मी विचारलं.

"कुणी नाही म्हटलं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "मीच कधी विचारलं नाही."

घराजवळच्या तलावात सकाळी बायकांची वेगळी बॅच असते. तलाव म्हणजे निळ्या फरश्यांचा, पोहण्याचा. उन्हाळा लागल्यावर मी आम्हा दोघींची नावं तिथे नोंदवली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. आईला पोहता येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पहिले काही दिवस त्या नुसत्या पायरीवर बसून पाय भिजवायच्या. एका सकाळी त्या आत उतरल्या. पायऱ्यांची दांडी धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग ती सोडली. शिकवणारी मुलगी "अम्माजी, रुकिए" म्हणत पुढे झाली, तोवर त्या उताण्या होऊन पाण्यावर आडव्या झाल्याही होत्या. डोळे मिटलेले, हात पसरलेले, कान पाण्याखाली. मी काठाला धरून होते. मला पोहता येत नाही. त्या हळूहळू लांब जात होत्या आणि त्यांना हाक मारावीशी मला वाटेना.

बाहेर आल्यावर त्यांना सडकून भूक लागली. कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्ही ओल्या केसांनी पोहे आणि जिलेबी खाल्ली. खाता खाता त्या म्हणाल्या, "तुझ्या पोह्यांत मिरची फार कमी असते. उद्यापासून मी करत जाईन."

मी हो म्हटलं आणि त्यांच्यासाठी आणखी एक जिलेबी मागवली.