अक्षर मोठं करायचं बटण

"नवरीचा बाप कोन हाय, तुमी का जयेश?" बायको मोबाईल नाचवत अंगणातून ओरडत होती. लेकीची हळद चार दिवसांवर, मांडववाले खांब रोवतायत, आणि हा प्रश्न!

प्रश्न रास्त होता. आमच्या घराण्याच्या वेबसाइटवर हळदीचं निमंत्रण झळकलं होतं. तळाशी 'सजावट : जयेश', सोनेरी, कलिंगडाएवढ्या अक्षरांत. वर वधूपिता म्हणून मी. काळा, बारीक. माझ्याहून जिरं ठळक दिसलं असतं.

जयेश माझा धाकटा चुलत भाऊ. साइट त्यानेच बांधून घेतली, आणि तेव्हापासून आमच्या कामतघर गावात कुठेही चहाला बसा, लोक त्याचीच अक्षरं वाखाणणार. निमंत्रणही त्यानेच सजवलं; वधूपित्याची जागा तेवढी माझ्यासाठी मोकळी सोडली, ती मी साध्या अक्षरांत भरली. ते पाहून माझी सख्खी आई म्हणाली, "पोराच्या हातात कला हाय." (माझं कौतुक तिने शेवटचं केलं ते मी चालायला लागलो तेव्हा!)

पोटात असा जाळ उठला की त्यावर अख्ख्या हळदीचा भात शिजला असता. साइटवर लिहायची मुभा मलाही होती. लिहायच्या चौकटीवर बटणांची पट्टी असते ना, तिच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि रंगाचं बटण ओढून बाहेर टाकलं. अक्षर लहानमोठं करायचंही टाकलं. आता कर म्हटलं सजावट! कुणी परत लावू नये म्हणून सेटिंगचं दारही सगळ्यांना बंद केलं. सगळ्यांत मीही येतो, हे नंतर कळलं.

मग ऐटीत स्वतःचं नाव खोडून नव्याने लिहिलं. उमटलं जिऱ्याएवढं. मोठं करायला बटण नाही. त्याचं कलिंगड लहान करायलाही बटण नाही. त्याची ओळच खोडावी, तर ती सगळ्या गावाने पाहिलेली. कुणी खोडली हे सांगायला पोलीस लागले नसते.

तेवढ्यात पडघ्याहून विहीणबाईंचा फोन. आपण जयेशभाऊंचीच मुलगी करतोय ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मुख्य पासवर्ड जयेशकडे. निमूट त्याचं धामणकर नाक्यावरचं दुकान गाठलं. कुणा नालायकाने बटणं काढलीत बघ, असं मी कळवळून सांगितलं. त्याने साइट उघडली. बदल कुणी केला हे तिथे लिहिलेलं असतं, आणि तिथे मात्र माझं नाव चांगलं ठसठशीत होतं.

जयेशने ते वाचलं. माझ्याकडे न बघता दोन्ही बटणं जागच्या जागी बसवली.

"लावली, दादा. तुझं नाव केवढं करू?"