आत्याचा डावा हात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वाकडं येतं. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे, पण कधी कुणाच्या हाती लागलंच तर तेवढं सांभाळून घ्यावं.

आत्याचा डावा हात कायम गार असायचा. वैशाखात मंडईतून भाजी घेऊन घामाने निथळत यायची, तरी तो हात माठाला लावून आल्यासारखा. पातेलं ती त्या हाताने फडक्याशिवाय उतरवी. आम्हाला ताप आला की तोच हात कपाळावर ठेवी. ताप उतरायचा, पण मला त्या हाताची भीती वाटायची. मनगटावर अर्धीच गोंदलेली तुळस होती. गोंदताना दुखलं म्हणून ती लहानपणी उठून पळाली होती. "अर्ध्यातून पळायची खोडच आहे मला," असं स्वतःच म्हणायची.

तिच्याकडे कुणी एकटक पाहिलेलं तिला चालत नसे. फोटो म्हटलं की पदर तोंडावर. माझ्या लग्नाच्या फोटोत आत्याच्या जागी नुसता पदर आहे. "तोंड तरी राहू दे माझ्याकडे," म्हणायची. आम्ही हसायचो.

मी सदाशिव पेठेत शाळेतल्या एका बाईंकडे पोळ्या करायची. एकदा त्या मला चित्रं बघायला घेऊन गेल्या. चित्रकार फार मोठे होते, आता हयात नाहीत, असं त्यांनी वाटेत सांगितलं. एका चित्रापाशी माझे पाय थांबले. खुर्चीत बसलेली बाई, सगळी कोळशाच्या रेघांत. चेहऱ्याची जागा कोरी. रंगवलेला फक्त डावा हात. त्याच्या मनगटावर अर्धी तुळस. मी जवळ वाकले तर गालाला ऊब लागली, तव्यासमोर लागते तशी.

दाराशी चित्रकारांची मुलगी बसली होती. बाईंनी विचारल्यावर म्हणाली, "ते अपुरंच राहिलं. हात झाला आणि ती बाई आलीच नाही. पैसे मात्र आधी घेऊन गेली."

आत्या तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मी चित्राचं सांगितलं, तर तिने डावा हात पदराखाली घेतला.

"हात काढून झाला त्या दिवशी घरी आले, तर हा गार. मग तोंड काढायच्या आधी पळाले. पैसे तुझ्या बापाच्या औषधाला गेले होते. म्हणून तो वाचला, आणि म्हणून तू." उशाखालून तिने पुरचुंडी काढली. "मागेच साठवलेत. पण द्यायला गेले असते तर ते चित्रकार म्हणाले असते, बस पुन्हा खुर्चीत. आता तू देऊन ये. हात तिकडे ठेवून मला जायचं नाही."

अनोळखी माणसाशी बोलणं मला जमत नाही. तरी एकटी गेले. चित्राकडे बोट दाखवून पुरचुंडी चित्रकारांच्या मुलीपुढे केली.

"अहो, ते विकायचं नाही."

"विकत नको. त्या बाईंचे पैसे परत द्यायचेत. माझी आत्या ती."

"प्रदर्शनात उलटे पैसे देणाऱ्या आपण पहिल्याच," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिने नोटा घेतल्या. "फिटले म्हणून सांगा त्यांना."

निघताना मी चित्राजवळ वाकले. ऊब नव्हती.

घरी आले तेव्हा आत्याचे पाय गार पडले होते, उजवा हातही. डाव्या हाताने तिने माझं मनगट धरलं. तो चांगला ऊन होता.

"सगळे घेतले?"

"सगळे," मी म्हटलं.