उतारावर आडवा टेम्पो

डिझेल आणि सुक्या बोंबलांचा वास एकत्र आला की मला आगरदांड्याची जेटी आठवते. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून आत्या त्याचा टेम्पो स्वतः चालवायची आणि सुट्टीत मी तिच्या शेजारी बसायचे. गाड्या खाडीपार नेणाऱ्या दिघीच्या बोटीसाठी रांग लागली की पुरुष मुद्दाम तिच्यापुढे गाड्या घालायचे, ती ब्रेक दाबून त्यांना जाऊ द्यायची. त्या दुपारी अशीच दुसरी बोटही आमच्याशिवाय सुटली. तिसरी लागताना दिसली तशी आत्याने टेम्पो नेऊन बोटीकडे जाणाऱ्या उतारावर आडवा लावला आणि चावी कमरेला खोचली. मागून हॉर्न, शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी दारावर लाथ मारली. रांगेत मोटारसायकलवर माझे बाबाही होते. ते खिडकीशी येऊन दातओठ खात म्हणाले, "गाडी काढ, बाय. घरची लाज घालवू नको." ती म्हणाली, "मला मागं ढकलत व्हते तवा तू इथंच व्हतास, दादा. तवा लाज न्हाय वाटली?" बाबा वळून मोटारसायकलकडे गेले. शेवटी आमचा टेम्पो सगळ्यांत आधी चढला. त्यानंतर बाबांनी तिच्या घरात पाऊल टाकलं नाही. अजूनही मी तिचा विषय काढला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. हल्ली मी उठून तो बंद करते आणि बोलत राहते.