ढगांचा मुकादम

“चढ बे वर,” चेअरमन म्हणाले. “पाऊस कावून पडंना, सांग पावण्यांना.”

वर म्हणजे पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. चढलो. खाली चारा छावणी. आमच्या दूध सोसायटीनं पाली गावाच्या अलीकडं माळावर बांबू रोवून, हिरवी जाळी ताणून उभी केलेली. जनावरं एवढी, की सगळ्यांनी एकदम कान हलवले असते तर जाळी उडून गेली असती. पुढं खुर्च्यांवर शहरातून आलेले डॉक्टर, मधल्या खुर्चीत चेअरमन, मागं सगळी छावणी.

“सांग की मेंढक्या.”

“माझ्यामुळं पडंना.”

छावणी फुटली. मोठी माणसं हसली, त्यांचं बघून लेकरं हसली. एक तरुण डॉक्टर तोंडावर हात धरून हसला. चेअरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी बिंदुसरेच्या धरणात नव्हतं एवढं. डोळे पुसत ते म्हणाले, “ह्याचं रक्त आधी घ्या. निस्त्या थापा निघतील.”

मी पण हसलो. सवयीनं. पण ती थाप नव्हती. मला खरंच तसं वाटत होतं.

कसं वाटायला लागलं ते सांगतो. आमचं घर मेंढरांमागं हिंडणारं. गायी घेऊन सोसायटीला दूध घालणारा घरातला मी पहिला. आणि बोलण्यात तर अख्ख्या बीड जिल्ह्याला पुरून उरायचो. माझा बोकड एसटीचं तिकीट काढून घरी येतो, असं उमापूरच्या बाजारात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दोघं जण बोकड विकत घ्यायला दारात. तशीच एक थाप ढगांची. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो, तसा मी ढगांचा मुकादम हाय, म्हणायचो. माझ्याकडनं आगाऊ उचल घेतल्याबिगर एक ढग जागचा हालत न्हाई. लोक पोट धरून हसायचे.

मग लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलं. माझी थोरली गाय छावणीत बसली ती उठलीच नाही. त्यानंतर माझ्यात काहीतरी बिघडलं. भाकर तोंडात नुसती फिरायची. वजन इतकं उतरलं, की वावटळ दिसली की बायको माझ्या कमरेला दावं बांधून खुंटीला अडकवायची. ही थाप आहे. सकाळी उठल्यावर चूळ भरायला दुपार व्हायची, ही थाप नाही. डोक्यात एकच. मी ढगांची चेष्टा केली, म्हणून ढग इकडं फिरकत नाहीत. गाय माझ्यामुळं गेली. समोरच्या दावणीच्या गायी सुकल्या त्याही माझ्यामुळं. कुणाचं जनावर हंबरलं की मी त्याच्यापुढं हात जोडून उभा राहायचो. लोकांना वाटायचं, थापाड्यानं नवीन खेळ काढला.

बायकोला नाही वाटलं. ती एकदा म्हणाली, “आवं, पयले तुमी हसवायचे. आता लोकं निस्ते हसत्यात.”

चेअरमनना मात्र हे लई आवडलं. पाहुणा आला की मला कट्ट्यावर चढवायचं. बदल्यात उसाच्या वाढ्याची एक पेंढी जादा. मी ती घ्यायचो. उरलेल्या गायींपुढं टाकताना त्यांच्या तोंडाकडं बघवायचं नाही. तरी घ्यायचो.

डॉक्टर आले होते ते डिप्रेशनवर संशोधन करायला. दुष्काळात काही माणसं अशी खचतात, काही खचत नाहीत. दोघांच्या शरीरात फरक काय, हे त्यांना बघायचं होतं. सकाळी उपाशीपोटी रक्त. मग प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, अपराधी वाटतं का, मरून जावं असं वाटतं का. सगळं नीट चाललेलं. फक्त टेबल मांडलं ते सोसायटीच्या ऑफिसात. आणि ऑफिसात चेअरमनची खुर्ची. छावणी त्यांची, पेंड त्यांची, टँकर त्यांचा. त्यांना बाहेर बसा कोण म्हणणार? प्रश्न डॉक्टरीणबाई विचारायच्या आणि माणूस चेअरमनकडं बघून सांगायचा, बरं हाय.

माझ्या पुढं आत्या होती. शेजारच्या दावणीची म्हातारी, अख्खी छावणी तिला आत्याच म्हणायची. तिचंही जेवण तुटलेलं. गाईच्या पोटाला डोकं लावून दिवसच्या दिवस बसायची. मला दिसत होतं. माझ्यासारख्यालाच ते दिसतं. बाईंनी तिला विचारलं, अपराधी वाटतं का. तिनं चेअरमनकडं बघितलं.

“बरं हाय,” ती म्हणाली.

मी दारात उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

चेअरमन खुशीत. “बाई, आमच्या छावणीत दुःखी माणूस सापडायचा न्हाई तुमाला.” बाईंनी पुढचा कोरा कागद ओढला. सकाळपासून त्यांना एकही आजारी माणूस मिळालेला नव्हता.

मग मी. झोप लागते का? चेअरमन म्हणाले, घोरतो. जेवण? चेअरमन म्हणाले, दोघांचं खातो. अपराधी वाटतं का? चेअरमननी मांडीवर हात आपटला. ढगाचं सांग बे, ढगाचं. मी ढगाचं सांगितलं. ते पुन्हा हसले. बाईंनी शेवटचं विचारलं. मरून जावं असं वाटतं का?

“ह्याला?” चेअरमन म्हणाले. “लिवा, न्हाई.”

या एका प्रश्नाचं उत्तर मी बायकोलाही दिलेलं नव्हतं. गिळून गिळून ते पार तळाला नेऊन ठेवलेलं. आणि हा माणूस काडीनं दात कोरत ते माझ्या वतीनं देत होता. माझ्या दुधाचं फॅट तो सांगणार, माझ्या गायीनं किती खायचं ते तो सांगणार, इथवर मी ऐकत आलो होतो. मला जगायचंय का नाही, हेही तोच सांगणार?

“लिवू नका,” मी म्हणालो.

“काय बे?”

“चेअरमन, तुमी बाहेर बसा.”

मी आवाज काढला तर पुण्यात ऐकू जाईल, अशी माझी ख्याती. निघाला चिमणीएवढा. चेअरमन हलले नाहीत. छावणी कुणाची हाय, एवढंच त्यांनी विचारलं.

“तुमची हाय,” मी म्हणालो. “इचारलंय मला.”

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. “साहेब, बाहेर बसा. हे पहिल्याच माणसाच्या वेळी करायला हवं होतं. चूक आमची आहे.”

चेअरमन गेले. जाताना माझ्याकडं असं बघितलं, की माझ्या हातात दुधाची चरवी असती तर दूध नासलं असतं.

दार लागलं. “हां,” मी म्हणालो. “वाटतं. रोज.” आणि इतका रडलो, की त्या दिवशीची टँकरची खेप वाचली असती.

नंतर मी विचारलं, “बाई, रक्तात पाप दिसतं का?”

“नाही दिसत.” ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं, काही आजारी माणसांत ते उतरत नाही, ते आम्ही तपासतोय, असं त्यांनी सांगितलं. पण नुसत्या रक्तावरून हा आजार अजून कुणालाच ओळखता येत नाही. माणूस बोलला तरच कळतो. “आणि हे जे सारखं अपराधी वाटतंय ना, ते आजाराचं लक्षण आहे. हिवतापात थंडी वाजते, तसं.”

“आन ढग?”

“ढगांचा तुमच्याशी काहीही संबंध नाही.”

खरं सांगतो, थोडं वाईटच वाटलं. एवढ्या मोठ्या मुकादमाला एका वाक्यात कामावरनं काढलं.

दुसऱ्या दिवशी टेबल लांब माळावर, बाभळीखाली गेलं. आधीची सगळी उत्तरं बाईंनी बाद केली, पुन्हा एकेकाला बोलावलं. कुणी काय सांगितलं मला माहीत नाही. पण येताना बरीच जणं पदरानं, उपरण्यानं तोंड पुसत येत होती. माझी जादा पेंढी बंद झाली. मग काहीतरी खोट काढून माझ्या गायीच छावणीबाहेर काढल्या. बायकोनं दावी सोडली, म्हणाली, “चला.” बाईंच्या चिठ्ठीवर बीडच्या दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. कित्येक आठवडे नुसत्या गिळल्या, गुण नाही. मग एक दिवस भाकर गोड लागली. ढग आपापल्या कामाला लागले.

आत्या मात्र दुसऱ्या फेरीला नव्हती. आदल्याच संध्याकाळी जावई तिला आणि गाईला लिंबागणेशला घेऊन गेला होता. तिचं पहिलं उत्तर बाद झालं, दुसरं कुणी घेतलंच नाही.

बरा झाल्यावर मी गेलो. ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. केसाला तेल नाही. आत्या, कसं हाय, म्हणलं.

“बरं हाय.”

खोलीत आम्ही दोघंच होतो.

ढगांचा अपराध गोळ्यांनी गेला. दारात गप्प उभा राहिलो, तो गेला नाही. बीडला तपासणीला गेलो तेव्हा तिथं आलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा तुम्ही स्वतः आजारी होता, दोष लावून घेऊ नका. बरोबर असेल. पण चेअरमनला मी उठवलं ते पाच मिनिटांनी. पाच मिनिटं आधीही माझ्या तोंडात हीच जीभ होती.

परवा जावयाला सांगून आलो, सोमवारी आत्याला बीडला नेतो. तो म्हणाला, मी येतो की, मी सांगतो डॉक्टरला तिला काय होतंय ते. मी न्हाई म्हणालो. तीच सांगंल. सांगायला तिला दिवस लागला तर मी दिवसभर दार धरून उभा राहीन. आत कुणाला सोडणार न्हाई. मला पण न्हाई.