बायका कुठे पॉडकास्ट ऐकतात?

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. इरफानला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारणसुद्धा भेकडपणाचंच — मान्य.

आमचा खेळांवरचा एक पॉडकास्ट होता. आता बंद आहे. पण पेणच्या बाजारात अजून कोणीतरी अडवतं — काय महेश, एवढं छान चाललं होतं, बंद का केलंत? काय छान चाललं होतं? टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेली मॅच आम्ही दोघं पुन्हा सांगत बसायचो. ती कोणी ऐकायची, आणि कशासाठी? मी म्हणतो, वेळ नाही मिळत. आणि पुढे चालताना डोकं नुसतं फिरलेलं असतं. त्यांच्यावर नाही. माझ्यावरच.

सुरुवात इरफानने केली. इरफान रोह्याचा, कॉलेजपासूनचा मित्र. आखातात बरीच वर्षं काढून परत आला तो दोन माइक घेऊनच. त्याच्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या, झाला स्टुडिओ. मी डोलवीला कंपनीत कंत्राटावर. सुटी मिळाली की रोह्याची गाडी पकडायचो. आणि तिथे दर वेळी तेच दळण — विषय कुठला, ऐकणार कोण? मी म्हणायचो क्रिकेट. सगळ्यांसाठी. इरफान वैतागायचा.

"सगल्यांसाठी म्हंजे कोणासाठीच नाय, मह्या. आधी एक माणूस ठरव. आपण बोलतोय कोणाशी?"

शेवटी त्यानेच ठरवलं. म्हणाला, "एक बाई हाय. भाकऱ्या थापतेय, फोन डब्याला टेकवून ठेवलाय. कधीतरी कबड्डी खेळलेली, आता नाय खेळत. तिच्याशी बोलायचं." आणि पहिली पाहुणी म्हणून त्याने नाव घेतलं वैशालीचं. माझ्या बायकोचं.

वैशालीही रोह्याचीच. लग्नाआधी तिथल्या मुलींच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायची. तिने घोटा धरला की समोरची सुटत नसे, असं लोक अजून सांगतात. मी तिचा एकच सामना पाहिला, साखरपुडा झाल्यावर. टाळ्या वाजवल्या होत्या मी. खऱ्या होत्या त्या? तेव्हा तरी वाटल्या होत्या.

माइकसमोर ती आधी जरा बिचकली. मग अशी रंगली की हातवारे करून पकड कशी लावायची ते दाखवायला लागली, आवाजाच्या कार्यक्रमात! इरफान पोट धरून हसला. मग त्याने सहज विचारलं, "पण वहिनी, सोडलंत का?"

"मी कुठं सोडलं?" ती म्हणाली. "लग्नानंतर संघाच्या सरांचा फोन येईल म्हणून वाट बघितली. नाय आला. म्हटलं, आपल्यापेक्षा बरी कोण मिळाली असंल." आणि हसली.

मी समोर हेडफोन लावून बसलो होतो. ते हसू दोन्ही कानांत शिरलं.

फोन आला होता.

पेणला आमच्या घरात तिच्या फोनला रेंज नसायची, म्हणून तिने सरांना माझा नंबर दिलेला. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात सरांनी फोन केला — सराव सुरू होतोय, वैशालीला पाठवा. ती आत स्वयंपाकघरात होती. मी म्हणालो, "ती आता खेळणार नाही, सर. तिनेच ठरवलंय." ते म्हणाले, जरा तिला द्या ना. मी म्हणालो, ती घरात नाही.

का? कंपनीतल्या पोरांनी माझ्या बायकोला हाफ पँटमध्ये मैदानात बघितलं तर काय बोलतील — हेच. कोणी काही बोललंही नव्हतं. आईचं नाव पुढे करावं तर तीही सोय नाही, तीच विचारायची, "सूनबाय, तुजा खेल कदी हाय गो?"

आता तो भाग बाहेर गेला असता तर? रोह्यात सरांनी ऐकला असता. ते म्हणाले असते, अगं, मी केला होता फोन. एडिटिंग माझ्याकडे होतं. घरी आलो आणि फाइल पुसून टाकली. इरफानला सांगितलं, करप्ट झाली.

"मंग परत करू की," तो म्हणाला. एवढं सोपं होतं त्याला!

मग मी त्याचाच प्रश्न त्याच्यावर उलटवला. ऐकणार कोण? बायका कुठे पॉडकास्ट ऐकतात? आपल्याला कंपनीतली पोरं हवीत, शिफ्टला जाताना बसमध्ये ऐकतील. तो म्हणायचा, माझी बहीण ऐकेल, तिच्या मैत्रिणी ऐकतील. मी म्हणायचो, चार बायकांवर पॉडकास्ट चालतो का? किती रविवार ही हुज्जत घातली मी! प्रत्येक मुद्दा खोटा, आणि प्रत्येक वेळी आवाज चढलेला. शेवटी तोच थकला. "कर तुझं क्रिकेट," म्हणाला.

केलं. कंपनीची पोरं बसमध्ये झोपा काढत होती. ऐकत कोणीच नव्हतं. इरफान पुन्हा आखातात गेला. जाताना म्हणाला, माझाच अंदाज चुकला असंल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला खरा.

वैशालीने एकदाच विचारलं, "माझा आवाज बरा नाय आला, म्हणून टाकलं नाय ना?" मी म्हणालो, तसं काही नाही — पण अशा सुरात, की तिला तेच खरं वाटावं.

परवा शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. मुलींचा कबड्डीचा संघ उभा करायचाय, वाडीवरच्या पोरी चपळ आहेत, पण शिकवायला कोणी नाही. वैशालीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "मला संघानंच परत बोलावलं नाय, बाई. मी काय शिकवणार?"

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगा यांना."

वैशालीही माझ्याकडे बघत होती. मी सांगेन, असं तिला वाटलं असावं.

मी म्हणालो, "तिची इच्छा नसेल तर राहू दे."

ती उठली. कप उचलून आत गेली. मी बाईंना फाटकापर्यंत सोडलं, परत आलो आणि टीव्ही लावला.