बारावी पास व्हायला काय काय लागतं

शिरपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. बारावीचा निकाल लागला की पोरं गुणपत्रिका घेऊन निघून जातात, त्यांचे किस्से मात्र स्टाफरूममध्येच राहतात. चहाला बसलं की कुणीतरी एखादा काढतंच. सगळे हसतात. मीही हसते, पण घरी जाताना स्कूटरवर तेच डोक्यात फिरत राहतं.

*

बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प द्यावाच लागतो. एका वर्षी जवळजवळ अख्ख्या वर्गानं 'जलप्रदूषण' दिलं. एकाच वहीतून उतरवलेलं. शुद्धलेखनाच्या चुकाही सगळ्यांच्या सारख्या. फक्त सातपुड्याच्या पायथ्याहून येणाऱ्या सुनीतानं मोहफुलांवर लिहिलं होतं. फुलं कधी गळतात, गुरं यायच्या आत वेचायला किती वाजता निघावं लागतं, सगळं. इतकं चांगलं होतं की मला संशय आला. कुठून उतरवलंस, असं मी तिला भर वर्गात विचारलं.

ती म्हणाली, "उतरवायचंच असतं, तर जलप्रदूषण नसतं का उतरवलं, मॅडम?"

*

आमचे मराठीचे पाटील सर अर्जलेखन फार मन लावून शिकवतात. त्यात पोरांना पैकीच्या पैकी मिळतात. तीच पोरं निकालानंतर दाखला मागायला येतात, क्लार्क अर्ज लिहून आणा म्हणतो, आणि पोरं कोरा कागद घेऊन सरांपुढे उभी! यंदा सर फार चिडले. वर्षभर मी काय शिकवलं, म्हणत बसले.

त्याच आठवड्यात त्यांना रजा हवी होती. हळूच माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या मागच्या अर्जाची झेरॉक्स आहे का?"

*

करिअर मार्गदर्शनाला जळगावहून एक वक्ते आले होते. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, असं त्यांनी विचारलं. कुणी डॉक्टर झालं, कुणी कलेक्टर. मागच्या बाकावरचा रोहित उठून शांतपणे म्हणाला, "पुण्यात, खोलीवर. भरतीची जाहिरात निघायची वाट बघत."

हॉल हसला, वक्तेही हसले. त्याचा मोठा भाऊ तेच करत होता, हे आम्हा शिक्षकांना माहीत होतं. आम्ही खाली बघत बसलो.

*

आमचे शिपाई भिकाआबा. क्लार्क व्हायला बारावी लागते, म्हणून ते बाहेरून परीक्षेला बसायचे आणि दर वेळी इंग्रजीत राहायचे. कॉलेज सुटलं की रिकाम्या वर्गात मी त्यांना शिकवायची. यंदा ते सुटले. मला आनंद झाला, पण त्यांच्या निवृत्तीला दोनच महिने उरले होते. आता बढतीचा कागद हलणार नाही, हे मीच त्यांना सांगितलं.

आबांनी गुणपत्रिकेची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "मॅडम, बी.ए.ले हजेरी किती लागस?"